सर्वनाशी खलनायकांची अलाइनमेंट

राज्य, संपत्ती किंवा सूड एवढ्यावर न भागता सगळे जगच, बहुधा स्वतःसकट, नाहीसे करू पाहणारे पात्र म्हणजे सर्वनाशी खलनायक. असे पात्र ‘केऑटिक इव्हिल’च, म्हणजे बेबंद आणि दुष्ट, असणार, असे सर्रास धरून चालतात. ही घाई आहे.

अलाइनमेंट म्हणजे पात्राचा नैतिक कल सांगणारी खूण, ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रांच्या भूमिका घेऊन खेळायच्या खेळातली सोय. १९७४ च्या पहिल्या आवृत्तीत लॉ (शिस्त), न्यूट्रॅलिटी (तटस्थता) आणि केऑस (बेबंदी) एवढेच तीन गट होते. चांगले-वाईट हा दुसरा अक्ष खेळाचे एक जनक गॅरी गायगॅक्स यांनी १९७६ साली मांडला आणि १९७८ च्या ‘प्लेअर्स हँडबुक’ या नियमपुस्तकाने दोन्ही अक्षांच्या जोडीतून होणारी नऊ घरे पक्की केली. २००८ च्या चौथ्या आवृत्तीत ती पाचांवर आली, २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत पुन्हा नऊ झाली.

सर्वनाशाचा हेतू पात्राला इव्हिलच्या रांगेत बसवतो. ‘दुःख संपवण्यासाठी’ जग बुडवणाराही त्याच रांगेत, कारण बुडणाऱ्यांना त्याने विचारलेले नसते. रांगेतले घर मात्र त्याच्या वागणुकीवरून ठरते. नाशाच्या आदल्या दिवशी शत्रूचा दूत हाती लागला, तर तो काय करतो? जीवदान देण्याचा शब्द दिला होता म्हणून सोडणारा लॉफुल इव्हिल. अडचण होईल तर मारणारा, नाहीतर ढुंकूनही न पाहणारा न्यूट्रल इव्हिल. बेत लांबणीवर पडला तरी हौसेने छळत बसणारा केऑटिक इव्हिल. वर्षानुवर्षे यंत्र बांधणारा, करार पाळणारा थंड डोक्याचा शून्यवादी या शेवटच्या घरात बसत नाही. त्याचे घर बहुतेक वेळा मधलेच.

उलट बाजूही दुबळी नाही. तिसऱ्या आवृत्तीच्या मते केऑटिक इव्हिल म्हणजे सौंदर्य आणि जीवन यांच्याबरोबरच ती ज्या व्यवस्थेवर उभी आहेत तिचाही नाश. पाचव्या आवृत्तीच्या यादीत थारिझदुन हा अनंत अंधाराचा देव केऑटिक इव्हिलच आहे. वैश्विक शक्तीला हे शोभते, कारण तिचा स्वभाव आणि तिचे उद्दिष्ट एकच असते. माणसाच्या बाबतीत ही दोन वेगळी तपासावी लागतात. ज्याला चांगल्या-वाईटाची निवडच करता येत नाही, असा जग गिळणारा प्राणी ‘अनअलाइन्ड’, म्हणजे अलाइनमेंट नसलेला, धरावा. भूक हा दुष्टपणा नव्हे.

प्रत्यक्ष खेळात गडबड होते ती अनुयायांपाशी. सगळेच मरणार असतील तर पंथातली माणसे राबतात कशाला, याचे उत्तर नसले की खलनायक पोकळ वाटतो. म्हणून डंजन मास्टरने, म्हणजे खेळ चालवणाऱ्याने, पंथाची अलाइनमेंट वेगळी लिहावी. बहुतेकांना ‘तुम्ही उराल’ असे सांगितलेले असते, काहींना नव्या जगात अधिकार हवा असतो, खरा बेत ठाऊक असलेले दोघे-तिघेच. ते खोटे उघडे पाडणे हाच पुष्कळदा खेळाडूंचा जिंकण्याचा मार्ग ठरतो, कारण खुद्द खलनायकाशी सौदा करायला त्याला हवे असे काही त्यांच्याकडे नसते.