अल्सरेटिव्ह कोलायटिस आणि लिव्हरची काळजी

अल्सरेटिव्ह कोलायटिस म्हणजे मोठ्या आतड्याच्या आतल्या अस्तराला सूज येणं, जखमा होणं, त्यातून रक्त पडणं आणि दिवसातून कितीतरी वेळा संडासला पळावं लागणं. निदान होऊन काही महिने गेले, औषधं लागू पडली, रक्त थांबलं, की बऱ्याच पेशंटच्या मनात एक नवीनच भीती घर करते, ती लिव्हरची. एलएफटीच्या, म्हणजे लिव्हरच्या रक्ततपासणीच्या, रिपोर्टमध्ये एखादा आकडा ठळक अक्षरात छापून आला किंवा रात्री मोबाईलवर वाचता वाचता पीएससी हा शब्द समोर आला की मग झोप लागत नाही. ही काळजी पोकळ आहे असं कुणी म्हणू नये, कारण आतड्याच्या या आजाराचा लिव्हरशी खरंच संबंध आहे, फक्त तो किती आहे हे नीट समजून घ्यायला हवं.

पीएससी म्हणजे प्रायमरी स्क्लेरोझिंग कोलँजायटिस. यात लिव्हरच्या आतल्या आणि बाहेरच्या पित्तनलिकांना सूज येते, व्रण धरतो, नळ्या जागोजागी अरुंद होतात आणि पित्त अडतं, आणि हे सगळं वर्षानुवर्षं हळूहळू चालतं. एमआरसीपी नावाच्या एमआरआयमध्ये या नळ्या मण्यांच्या माळेसारख्या दिसतात. पुरुषांमध्ये जास्त आढळतो, बहुतेकदा तिशी-चाळिशीत कळतो.

आता गोंधळ होतो तो आकड्यांचा. पीएससी असलेल्या पेशंटपैकी युरोप-अमेरिकेत साधारण ७० टक्के लोकांना आतड्याची सूज, त्यातही मुख्यतः अल्सरेटिव्ह कोलायटिस असतो. घाबरलेला माणूस हाच आकडा उलटा वाचतो आणि कोलायटिसवाल्या दहातल्या सात जणांचं लिव्हर जाणार असं धरून बसतो! खरं गणित असं आहे की कोलायटिसच्या १०० पेशंटमध्ये पीएससी साधारण ५ जणांना होतो, म्हणजे ९५ जणांना होत नाही, आणि भारतात तर तो युरोपपेक्षा कमीच सापडतो. डॉक्टरांनी पहिल्याच भेटीत हे एक वाक्य सांगितलं तरी पेशंटच्या कितीतरी रात्री वाचतील.

रिपोर्ट वाचतानाही असंच होतं. एसजीओटी, एसजीपीटी हे लिव्हरचे एन्झाइम थोडे वाढले तर आपल्याकडे सगळ्यात जास्त वेळा कारण निघतं फॅटी लिव्हर, वजन, डायबेटिस, दारू, स्टिरॉइडचा लांबलेला कोर्स. पीएससीचा संशय येतो तो मुख्यतः अल्कलाइन फॉस्फटेज आणि जीजीटी हे पित्त अडल्यावर वाढणारे एन्झाइम दोन्ही महिनोनमहिने वाढलेले राहिले तर. नुसता अल्कलाइन फॉस्फटेज वाढलेला असेल तर तो हाडांमुळेही असतो, वाढीच्या वयातल्या मुलांमध्ये तो जास्तच असतो आणि व्हिटॅमिन डी कमी असेल तरी वाढतो. बिलिरुबिन (काविळीचा पिवळा रंग देणारं द्रव्य) एकटंच जरासं वर असेल, विशेषतः उपाशीपोटी, तर तो बऱ्याचदा गिल्बर्ट सिंड्रोम हा जन्मजात, निरुपद्रवी प्रकार असतो, त्याला औषध लागत नाही. म्हणून एका रिपोर्टवरून काही ठरवू नये, जुने रिपोर्ट फाईलमध्ये तारखेप्रमाणे लावून डॉक्टरांपुढे ठेवावेत.

औषधांचाही वाटा असतो. मेसालामाइन या कोलायटिसच्या नेहमीच्या औषधाने लिव्हरला त्रास क्वचितच होतो, पण प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या अझाथायोप्रिनने होऊ शकतो, त्यामुळे ते सुरू केल्यावर सुरुवातीला पटापट आणि नंतर साधारण दर तीन महिन्यांनी सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) आणि एलएफटी करायचीच, बरं वाटतंय म्हणून टाळायची नाही. इन्फ्लिक्सिमॅबसारखी बायोलॉजिक औषधं सुरू करायच्या आधी हिपॅटायटिस बी तपासतात कारण शरीरात झोपलेला हा व्हायरस प्रतिकारशक्ती दाबली की उठून बसतो, आणि तपासणी निगेटिव्ह असेल तर लस घेऊन टाकावी. आपल्या देशात टीबीचीही तपासणी होते, आणि लपलेला टीबी निघाला तर जी आयसोनियाझिडची गोळी देतात तीसुद्धा लिव्हरवर लक्ष ठेवूनच घ्यावी लागते.

आणि काढे. कोविडच्या काळात घरोघरी गुळवेल उकळली गेली, आणि २०२० च्या शेवटी मुंबईतल्या डॉक्टरांनी गुळवेल घेतल्यानंतर लिव्हरला इजा झालेले ६ पेशंट नोंदवले, त्यातल्या काहींना आधीपासून ऑटोइम्यून, म्हणजे प्रतिकारशक्ती स्वतःच्याच शरीरावर उलटण्याचे, आजार होते. आयुष मंत्रालयाने तो निष्कर्ष मान्य केला नाही. तरीही कोलायटिस हा स्वतःच प्रतिकारशक्तीच्या बिघाडातून येणारा आजार आहे, त्यामुळे 'इम्युनिटी वाढवणारं' काहीही घेण्याआधी विचारावं, आणि घेत असाल तर डॉक्टरांपासून लपवू नये. कावीळ झाली म्हणून गावातल्या माणसाकडून पाला आणून खाण्याचा प्रकार तर या पेशंटनी करूच नये.

थांबून चालत नाही अशी लक्षणं म्हणजे डोळे पिवळे होणं, लघवी गडद आणि संडास पांढरट होणं, तळहात-तळपायांना रात्री न थांबणारी खाज. थंडी वाजून ताप, उजव्या बरगडीखाली दुखणं आणि कावीळ एकत्र आलं तर त्याच दिवशी हॉस्पिटल गाठायचं, पित्तनलिकेतलं इन्फेक्शन असू शकतं.

पीएससी खरंच निघाला तर? आजार थांबवणारं सिद्ध झालेलं औषध आज नाही. उर्सोडिऑक्सिकोलिक ॲसिड हे पित्ताचं औषध बरेच डॉक्टर देतात, पण जास्त डोस बरा असं समजून वाढवायचं नाही, किलोमागे २८ ते ३० मिलिग्रॅमच्या डोसने नुकसानच झाल्याचं २००९ मध्ये छापलेल्या अमेरिकन ट्रायलमध्ये दिसलं. अरुंद नळी ईआरसीपी करून, म्हणजे तोंडातून दुर्बीण घालून, रुंद करता येते. शेवटचा उपाय लिव्हर ट्रान्सप्लांट, आणि तो चांगला चालतो, अमेरिकन स्नोबोर्डर ख्रिस क्लगने पीएससीमुळे २००० साली ट्रान्सप्लांट करून घेतलं आणि २००२ च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये ब्राँझ मिळवलं. पीएससीसोबतचा कोलायटिस बऱ्याचदा सौम्य असतो, पोट शांत असतं, म्हणून लोक कोलोनोस्कोपी टाळतात आणि तिथेच घात होतो, कारण या जोडीत मोठ्या आतड्याच्या कॅन्सरचा धोका वाढलेला असतो. नुसत्या कोलायटिसमध्ये तपासणीच्या कोलोनोस्कोपी साधारण ८ वर्षांनंतर सुरू होतात, पीएससी असेल तर निदानापासूनच दरवर्षी, आणि ट्रान्सप्लांट झाल्यावरही मोठं आतडं शिल्लक आहे तोवर त्या चालूच ठेवायच्या असतात.