रक्तकर्करोगातील पेशीबाह्य पुटिका

पेशीबाह्य पुटिका म्हणजे पेशींनी भोवतालच्या द्रवात सोडलेले, मेदपटलाने वेढलेले सूक्ष्म कण. त्यांत प्रथिने, मेद व आरएनए असतात. रक्तकर्करोगाच्या पेशी त्यांच्यामार्फत अस्थिमज्जेतील निरोगी पेशींचे वर्तन बदलतात, असे दिसते.

शोधाचे श्रेय सहसा पीटर वुल्फ यांना (१९६७) देतात. प्लेटलेट काढून टाकलेल्या प्लाझ्मातही (रक्तातील द्रवातही) रक्त गोठण्यास मदत करणारी ‘प्लेटलेटची धूळ’ असते, हे त्यांनी दाखवले. तथापि अतिवेगाने फिरवलेल्या प्लाझ्माच्या गाळात हाच गुण शारगाफ व वेस्ट यांनी १९४६ मध्ये नोंदवला होता. आरंभ तेथून धरणे अधिक सयुक्तिक ठरेल. १९८३ मध्ये मॉन्ट्रियल येथील रोझ जॉनस्टोन व सेंट लुइस येथील फिलिप स्टाल यांच्या गटांनी, अपक्व तांबड्या पेशी ट्रान्सफेरिनचे (लोह वाहणाऱ्या प्रथिनाचे) ग्राही, म्हणजे ते पकडणारी पटलावरील प्रथिने, पुटिकांतून बाहेर टाकतात, असे अनुक्रमे मेंढी व उंदराच्या पेशींत पाहिले.

पुटिकांच्या उगमाचा प्रश्न अजून वादाचा आहे. पेशीच्या आतील बहुपुटिकी कोशात (अनेक लहान पुटिका असलेल्या पिशवीत) तयार होणारे एक्झोसोम सुमारे ३० ते १५० नॅनोमीटर, तर पेशीच्या बाह्य पटलातूनच फुगून सुटणाऱ्या सूक्ष्मपुटिका सुमारे १०० ते १,००० नॅनोमीटर व्यासाच्या असतात. आकार एकमेकांत मिसळतात आणि ओळखखूण मानली जाणारी सीडी६३, सीडी८१ यांसारखी पटलावरील प्रथिने दोन्हींवर सापडू शकतात. त्यामुळे बाहेर पडलेली पुटिका कोणत्या मार्गाने आली हे खात्रीने सांगता येत नाही. शिवाय पुटिका वेगळ्या करण्यासाठी प्लाझ्मा फिरवला की त्यातील लिपोप्रोटीनेही (मेद वाहणारे कणही) त्यांच्यासोबत गाळात उतरतात. म्हणून २०१८ च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांनी आकारावरून वर्णन करण्यास पसंती दिली. जुन्या निबंधांतील ‘एक्झोसोम’ हा उल्लेख जपूनच वाचावा लागतो.

तीव्र मायलॉइड ल्युकेमियात (मज्जेतील अपक्व पेशींच्या वेगाने वाढणाऱ्या रक्तकर्करोगात) पुटिकांतील मायक्रो-आरएनए (जनुकांचे कार्य दाबणारे आखूड आरएनए) १५० व १५५ हे निरोगी पूर्वज पेशींतील, रक्तनिर्मितीला लागणारे सी-मिब प्रथिन घटवतात, असे प्रयोगांत आढळले. या रोगात रक्तनिर्मिती मंदावते ती केवळ मज्जेत जागा न उरल्याने नव्हे, या मताला त्यातून बळ मिळते. दीर्घकालीन लिंफोसायटिक ल्युकेमियाच्या (लसीकापेशींच्या सावकाश वाढणाऱ्या रक्तकर्करोगाच्या) पुटिकांमुळे मज्जेतील आधारपेशी अर्बुदाला (कर्करोगाच्या गाठीला) पोसणाऱ्या तंतुपेशींसारख्या होतात. मल्टिपल मायलोमात (मज्जेतील प्लाझ्मा पेशींच्या कर्करोगात) वाहतूक उलट दिशेनेही चालते : रुग्णांच्या मज्जेतील आधारपेशींच्या पुटिकांनी उंदरांत मायलोमाची वाढ केली, निरोगी व्यक्तींच्या पुटिकांनी ती रोखली. बी-लसीकार्बुदाच्या (बी प्रकारच्या लसीकापेशींच्या कर्करोगाच्या) पुटिकांवरील सीडी२० हे प्रथिन, त्यालाच चिकटणाऱ्या रिटुक्सिमॅब या प्रतिपिंड औषधाला अडकवून ठेवते, हेही प्रयोगशाळेत दिसले आहे.

हॉजकिन लसीकार्बुदात रक्तातील पुटिकांच्या मायक्रो-आरएनएवरून उपचारांचा प्रतिसाद जोखण्याचे प्रयत्न झाले आहेत.