चाकाचा स्टड तुटतो, कारण तो ताणलेला असतो

जुन्या गाडीचं चाक काढताना नट हटून बसतो, पान्यावर जोर दिला की स्टडच, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, तुटून नटासकट हातात येतो. खापर गंजावर फुटतं. गंज असतोच, पण पुष्कळदा तो स्टड आधीच्या आवळण्यातच निकामी झालेला असतो.

गाडीचं वजन स्टडवर टांगलेलं असतं, हा समज चुकीचा आहे. नट आवळला की स्टड जेमतेम केसाच्या जाडीएवढा ताणला जातो आणि परत आखडायला बघतो. त्या ओढीने रिम हबवर, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या फिरत्या भागावर, घट्ट दाबली जाते; ब्रेकचा आणि इंजिनाचा जोर पेलतं ते या दोघांमधलं घर्षण. १२ मिमीचा स्टड, कोरडे आटे आणि १०० न्यूटन-मीटर टॉर्क (आवळण्याचा पीळ) असेल तर एकच स्टड साधारण ४ टनांचा दाब देतो.

पान्याला लावलेल्या जोरातला जेमतेम दहावा हिस्सा या ताणात उतरतो. बाकीचा नटाच्या बैठकीत आणि आट्यांत घासण्यातच जातो. म्हणूनच आट्यांना तेल लावणं महागात पडतं: घर्षण घटतं आणि तेवढ्याच टॉर्कमध्ये ताण भलताच वाढतो. पान्याला पाइप अडकवून आवळलं तरी तेच. पोलादाने लवचीकतेची हद्द ओलांडली की स्टड कायमचा लांबतो, आट्यांतलं अंतर बिघडतं आणि नट मध्येच अडकू लागतो.

ढिला नट तर त्याहून वाईट. चाकाच्या दर फेरीला स्टड थोडा वाकतो, आणि किलोमीटरला साधारण ५०० फेऱ्या होतात. बारीक चीर पडते, वाढत जाते. तुटलेल्या तोंडावर शिंपल्यासारख्या वळणदार रेषा दिसतात. एक तुटला की त्याचा वाटा शेजाऱ्यांवर पडतो, त्यामुळे त्या चाकाचे सगळेच स्टड बदलावेत. इथे काटकसर नको.

जुना स्टड हबमागे ठोकून काढतात, पण हातोड्याचे घाव बेअरिंगला सोसत नाहीत. प्रेस, म्हणजे दाब देऊन ढकलणारं यंत्र, वापरलेला बरा. गॅसने तापवू तर नयेच, पोलादाचं पाणी, म्हणजे कणखरपणा, उतरतं. नवा स्टड वॉशर घालून नटाने ओढून बसवतात. त्याच्या मानेवरचे दाते हबच्या भोकात रुतायला हवेत. भोक झिजलं असेल तर स्टड जागीच फिरतो आणि मग हबच बदलावा लागतो.

५०-१०० किलोमीटर चालवल्यावर टॉर्क पुन्हा तपासा. दाते थोडे आणखी रुततात, आणि ताण मुळातच केसभर लांबीचा असल्याने तेवढ्यानेही पकड ढिली पडते.