लिवात वेगळं, उबना वेगळी

"मध्ययुगातले अरब हकीम समलैंगिकतेला रोग मानत." हे वाक्य पुन्हा कुणी फॉरवर्ड केलं की माझं डोकं उठतं. मुळात यातले बडे हकीम अरब नव्हतेच. राझी तेहरानजवळच्या रय गावचा, इब्न सीना बुखाऱ्याकडचा. अरबी होती ती त्यांच्या लिखाणाची भाषा. पण ते सोडा. खरी खिचडी होते ती लिवात आणि उबना या दोन शब्दांची.

लिवातबद्दल फार सांगायला नको. लूत पैगंबरांच्या कथेवरून पडलेलं नाव, पुरुषाने पुरुषाशी केलेल्या संभोगाचं. ते पाप किती, शिक्षा काय, हा काझीचा प्रांत.

उबना मात्र हकिमाकडची. आणि उबना म्हणजे पुरुषाला पुरुष आवडणं नव्हे! स्वतःशी दुसऱ्या पुरुषाने संभोग करावा, ही प्रौढ पुरुषाची ओढ, तेवढीच उबना. मग त्याच बिछान्यातला दुसरा, करणारा? त्याची नाडी बघायचं हकिमाला काही कारणच नव्हतं. देखण्या पोरावर त्याचं मन जावं यात कुणाला नवल वाटत नसे. कृत्य केलं तर तो पापी, पण आजारी नाही. कृत्य एकच, रोगी दोघांतला एकच. 'समलैंगिकता' या आपल्या शब्दात दोघेही येतात, म्हणून तो इथे वापरला की घोटाळा ठरलेला.

राझीने (मृत्यू 925च्या सुमारास) उबनेवर छोटा प्रबंधच लिहिला. त्याचं म्हणणं असं : गर्भ राहताना आईच्या आणि बापाच्या बीजात झुंज होते. बापाचं बीज निसटतं जिंकलं तर मुलगा होतो, पण बायकी. त्याचे वृषण लहान, वर ओढलेले. खाज भलतीकडेच सुटते. उपाय काय, तर जननेंद्रियं चोळून खाली आणायची. दुखणं जुनं आणि माणूस बायकी असेल तर बरं होणार नाही, हेही तो सांगून टाकतो.

शंभरेक वर्षांनी इब्न सीना 'कानून' या आपल्या वैद्यकग्रंथात म्हणतो, यांच्यावर औषधोपचार करणारे मूर्ख. रोगाचं मूळ कल्पनेत आहे, शरीरात नाही. हे वाचून त्याला आधुनिक म्हणणारे भेटतात. त्यांनी पुढचं वाक्य वाचलेलं नसतं. त्यातला इलाज आहे दुःख, उपासमार, जागरण, कैद आणि मार. मला विचाराल तर चोळणारा राझी परवडला.