एचपीव्ही चाचण्यांचे मूल्यमापन

ह्यूमन पॅपिलोमा विषाणूचा म्हणजेच एचपीव्हीचा संसर्ग शोधणारी प्रयोगशाळा चाचणी ज्या कामासाठी वापरायची आहे त्या कामाला ती कितपत उतरते, हे पुराव्यानिशी ठरवण्याच्या पद्धतीला एचपीव्ही चाचण्यांचे मूल्यमापन म्हणतात. हा विषाणू नेहमीच्या पेशीसंवर्धनात वाढवता येत नाही आणि संसर्ग झालेल्या अनेक स्त्रियांच्या रक्तात त्याची प्रतिपिंडे आढळत नाहीत. त्यामुळे व्यवहारातील बहुतेक चाचण्या गर्भाशयमुखावरून घेतलेल्या पेशींमध्ये विषाणूचे डीएनए किंवा आरएनए शोधतात. एचपीव्हीचे दोनशेहून अधिक प्रकार ज्ञात असून त्यांतील १२ प्रकार मानवात निश्चितपणे कर्ककारक मानले जातात. गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या सुमारे ७० टक्के रुग्णांमागे एकट्या १६ आणि १८ या दोन प्रकारांचा हात असतो.

विषाणू सापडला म्हणजे चाचणी चांगली, असा समज सहज होतो. पण मूल्यमापनाचा सारा कस इथेच लागतो. एचपीव्हीचे बहुतेक संसर्ग साधारण दोन वर्षांत आपोआप ओसरतात आणि त्यांपासून काहीही अपाय होत नाही. चाळणी तपासणीत, म्हणजे लक्षणे नसलेल्या स्त्रियांच्या तपासणीत, शोधायचा असतो तो टिकून राहिलेला आणि पेशींत कर्कपूर्व बदल घडवणारा संसर्ग. म्हणून विषाणूच्या किती कमी प्रती चाचणीला दिसतात ही तिची विश्लेषणात्मक संवेदनशीलता आणि प्रत्यक्ष आजार असलेल्या किती स्त्रिया तिला ओळखता येतात ही तिची नैदानिक संवेदनशीलता, या दोन गोष्टी कटाक्षाने वेगळ्या ठेवाव्या लागतात. पहिली वाढवत नेली की एका मर्यादेपुढे दुसरीत फारशी भर पडत नाही, उलट विशिष्टता, म्हणजे आजार नसलेल्या स्त्रियांना नकारात्मक निकाल देण्याची क्षमता, मात्र घसरत जाते.

हे एका काल्पनिक हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, १०,००० स्त्रियांपैकी १०० जणींना उपचार करण्याजोगे कर्कपूर्व बदल आहेत. ९५ टक्के संवेदनशीलता आणि ९४ टक्के विशिष्टता असलेली चाचणी त्यांपैकी ९५ जणींना ओळखेल आणि निरोगी असलेल्या ५९४ जणींना चुकीने पुढच्या तपासणीसाठी पाठवेल. ९७ टक्के संवेदनशीलतेची, पण ८५ टक्केच विशिष्टता असलेली चाचणी आजारी स्त्रियांपैकी आणखी दोघींना शोधेल, मात्र निष्कारण पाठवलेल्यांची संख्या १,४८५ वर नेईल. या आकड्यांतील प्रत्येक एकक म्हणजे निकालाची धास्ती घेऊन कॉल्पोस्कोपीसाठी (भिंगातून गर्भाशयमुखाच्या तपासणीसाठी) आलेली एक स्त्री आहे, हे मूल्यमापन करणाऱ्याने विसरता कामा नये. चुकीचा नकारात्मक निकाल तर याहून घातक ठरतो, कारण एचपीव्ही चाचणी नकारात्मक आल्यावर पुढची तपासणी सामान्यतः पाच ते दहा वर्षांनीच होते.

‘प्रत्यक्ष आजार’ ठरवण्यासाठी बायोप्सीतील, म्हणजे काढून घेतलेल्या तुकड्याच्या, ऊतक परीक्षणाचा आधार घेतला जातो आणि सीआयएन-२ (गर्भाशयमुखातील मध्यम तीव्रतेचे कर्कपूर्व बदल) किंवा त्याहून तीव्र बदल ही सीमारेषा धरली जाते. सर्वच स्त्रियांची बायोप्सी करणे योग्य नसल्याने ती बहुधा चाचणी सकारात्मक आलेल्यांचीच होते. परिणामी नकारात्मक गटातील सुटलेले आजार मोजलेच जात नाहीत आणि चाचणीची संवेदनशीलता आहे त्यापेक्षा जास्त भासते. या पडताळणीतील पूर्वग्रहाची दखल न घेणाऱ्या अभ्यासाचे आकडे कितीही आकर्षक असले तरी त्यांवर विसंबू नये.

प्रत्येक नव्या चाचणीसाठी हजारो स्त्रियांचा वर्षानुवर्षे पाठपुरावा करणे शक्य नसते. त्यावर उपाय म्हणून आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांनी २००९ मध्ये तुलनेवर आधारलेले निकष सुचवले. मोठ्या अभ्यासांत पारखलेली हायब्रिड कॅप्चर २ ही चाचणी प्रमाण मानून, तिशीपुढील स्त्रियांच्या नमुन्यांवर नव्या चाचणीची संवेदनशीलता तिच्या किमान ९० टक्के आणि विशिष्टता किमान ९८ टक्के असावी, असे त्यांत म्हटले आहे. यासाठी आजार असलेल्या किमान ६० आणि आजार नसलेल्या किमान ८०० स्त्रियांचे नमुने लागतात. शिवाय ५०० नमुने त्याच प्रयोगशाळेत व दुसऱ्या प्रयोगशाळेत पुन्हा तपासून निकाल जुळतात का, हेही पाहावे लागते. प्रमाण मानलेली ही चाचणी प्रत्येक परीक्षणात विषाणूच्या सुमारे ५,००० प्रती असल्याखेरीज सकारात्मक निकाल देत नाही. डीएनएच्या असंख्य प्रती बनवून तो शोधणाऱ्या पीसीआर पद्धतीला याच्या कितीतरी कमी प्रती दिसू शकतात. तरीही चाळणीसाठी ही मर्यादा योग्य ठरली.

लसींच्या अभ्यासात मात्र गणित उलटते. तिथे संसर्ग झाला की नाही हाच प्रश्न असल्याने अल्प प्रतीही निसटू नयेत, अशी अपेक्षा असते. जागतिक आरोग्य संघटनेच्या प्रयोगशाळा जाळ्याने प्रयोगशाळांची क्षमता जोखण्यासाठी वापरलेल्या प्रावीण्य नमुन्यांत १६ आणि १८ या प्रकारांची ५ मायक्रोलिटरमधील ५० आंतरराष्ट्रीय एकके (विषाणूचे प्रमाण मोजण्याची ठरलेली एकके) ओळखता येणे अपेक्षित होते.

प्रयोगशाळेतील दक्षता हाही मूल्यमापनाचाच भाग आहे. पीसीआरमध्ये एका नमुन्यातील डीएनएचा सूक्ष्म अंश दुसऱ्यात गेला तरी खोटा सकारात्मक निकाल येऊ शकतो. म्हणून रुग्णांच्या नमुन्यांसोबत विषाणूविरहित नमुना ठेवतात आणि त्यात संकेत उमटला तर त्या खेपेचे निकाल ग्राह्य धरत नाहीत. दुसऱ्या बाजूने, नमुन्यात पेशीच आल्या नसतील तर विषाणू न सापडण्याला काहीच अर्थ उरत नाही. त्यामुळे बीटा-ग्लोबिनसारखे मानवी जनुक त्याच नळीत शोधले जाते. अशी सोय नसलेल्या चाचणीचा नकारात्मक निकाल जपूनच वाचावा लागतो. चाचणी जनुकसंचाचा कोणता भाग शोधते यालाही महत्त्व आहे. विषाणूचा डीएनए पेशीच्या डीएनएत मिसळताना एल१ जनुकाचा भाग गळू शकतो, तर कर्करोगाला चालना देणारी ई६ आणि ई७ ही जनुके टिकून राहतात; त्यामुळे केवळ एल१ शोधणाऱ्या चाचणीतून असा संसर्ग निसटू शकतो.

स्त्रीने स्वतः घेतलेल्या नमुन्यावर पीसीआर-आधारित चाचण्यांची संवेदनशीलता डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्याइतकीच आढळते, पण डीएनएच्या प्रती न वाढवता त्याचा संकेत वाढवून मोजणाऱ्या, हायब्रिड कॅप्चर २ सारख्या चाचण्यांची कमी भरते. त्यामुळे डॉक्टरांनी घेतलेल्या नमुन्यांवर मान्यता मिळालेली चाचणी इथे आपोआप मान्य ठरत नाही. नमुना घेण्याचा ब्रश, तो ज्यात ठेवतात ते द्रव आणि चाचणी यांची जोडी एकत्रच पारखावी लागते.