‘नमस्कार’ने अडवलेली बिल्ड

अंबड एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या सर्व्हरवर आमची बिल्ड, म्हणजे सॉफ्टवेअरची तयार आवृत्ती, चढेना. बिल्ड आपोआप बनवून पाठवणाऱ्या जेनकिन्समध्ये कंपाइल हिरवं, टेस्ट हिरव्या, आणि शेवटी एसएफटीपीने (फाइल दुसऱ्या यंत्रावर पाठवायची पद्धत) झिप पाठवायची वेळ आली की लाल. हाताने जोडून पाहिलं तर एकच ओळ: ‘रिसीव्ह्ड मेसेज टू लाँग ३७६८८८७५२०’. म्हणजे आलेला संदेश फार लांब, ३७६ कोटी बाइटचा. आमची झिप जेमतेम ४० एमबीची! फायरवॉल, डिस्क, पासवर्ड असं सगळं धुंडाळण्यात दुपार गेली.

दोष निघाला तो सर्व्हरवरच्या बॅशआरसी फाइलच्या पहिल्याच ओळीत. शेल, म्हणजे कमांड चालवणारा प्रोग्रॅम, सुरू होताना ही फाइल वाचतो. कुणीतरी हौसेने ‘नमस्कार’ छापणारी एको कमांड टाकली होती. एसएफटीपीत प्रत्येक संदेशाचे पहिले चार बाइट त्याची लांबी सांगतात. क्लायंट, म्हणजे आमच्या बाजूचा प्रोग्रॅम, त्या आकड्याची वाट बघत होता, आणि आधी आला नमस्कार. युटीएफ-८ या अक्षरं साठवायच्या पद्धतीत ‘न’चे तीन बाइट आणि ‘म’चा पहिला, या चारांचा मिळून आकडा होतो बरोबर ३७६८८८७५२०. इंग्रजीत ‘वेलकम’ लिहिलं असतं तर १४६६२६४६७५ दिसलं असतं. क्लायंटची मर्यादा २५६ केबीची, तो बिचारा हात वर करणारच.

असं का होतं, हे कळायला थोडं मागे जावं लागतं. नावामुळे एसएफटीपी म्हणजे कुलूप लावलेली एफटीपी असं वाटतं, पण दोघांचं गोत्र वेगळं. एफटीपी या फाइल पाठवायच्या जुन्या पद्धतीचा पहिला आराखडा एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी एमआयटीत लिहिला. आयआयटी कानपूरच्या पहिल्या तुकडीतला हा माणूस, याचं मला अजूनही अप्रूप वाटतं. त्या काळी जाळ्यावर मोजकी यंत्रं, त्यामुळे पासवर्ड उघडाच जायचा. पोस्टकार्डावर लिहिल्यासारखा, वाटेत कोणीही वाचावा.

१९९५ मध्ये हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर कुणीतरी असे पासवर्ड टिपले, तेव्हा तिथल्या तातू युलोनेन यांनी एसएसएच लिहिलं, म्हणजे दूरच्या यंत्राशी कुलूपबंद जोडणी करायचं साधन. एफटीपीचं पोर्ट, म्हणजे जोडणीचा दारक्रमांक, २१; दूरच्या यंत्रावर काम करायच्या जुन्या टेलनेटचं २३. दोघांची जागा घ्यायची म्हणून त्यांनी मधलं २२ मागून घेतलं. एसएफटीपी ही या एसएसएचच्या दुसऱ्या पिढीबरोबर आली. तिचा मसुदा सहाव्या आवृत्तीपर्यंत गेला, पण अधिकृत मानक कधी झालाच नाही, आणि एसएसएचचा सर्रास वापरला जाणारा अवतार, ओपनएसएसएच, तिसऱ्या आवृत्तीवरच थांबला. ती एसएसएचच्या पोटात चालते, त्यामुळे बहुतेक ठिकाणी आधी शेल उठतो आणि मग फाइलचा कारभार सुरू होतो. आमचा नमस्कार शिरला तो याच फटीतून.

दुसरी गंमत ओळींच्या शेवटाची. एफटीपीच्या आस्की मोडमध्ये, म्हणजे साध्या मजकुरासाठीच्या मोडमध्ये, ओळींचे शेवट बदलले जायचे, आणि चुकून झिप त्या मोडने गेली की खराब. एसएफटीपीच्या तिसऱ्या आवृत्तीत तो मोडच नाही, जसंच्या तसं पोचतं. झिप वाचली, पण विंडोजवर लिहिलेली शेल स्क्रिप्ट ओळीच्या शेवटचं सीआर हे जादा चिन्ह घेऊनच लिनक्सवर उतरते आणि ‘बॅड इंटरप्रिटर’ म्हणून पडते.

‘काल चालत होतं, काही बदललं नाही’ ही तक्रार बहुधा सर्व्हर उबुंटू या लिनक्सच्या २२.०४ आवृत्तीवर नेल्यावर येते. सप्टेंबर २०२१ च्या ओपनएसएसएच ८.८ ने लॉगिनच्या वेळी ओळख पटवणारी, एसएचए-१ या जुन्या पद्धतीची आरएसए सही डीफॉल्टने बंद केली. बाद झाली ती सही करायची जुनी पद्धत, आरएसए की (किल्ली) नव्हे. लोक मात्र घाईने नवी आरएसए की बनवतात, आणि जोडणी करणाऱ्या जुन्या जावा लायब्ररीचं ‘ऑथ फेल’ (ओळख पटली नाही) तसंच राहतं. बदलायची असते ती लायब्ररी.

कारखान्याच्या सर्व्हरवर आम्ही एकोच्या आधी शेल इंटरॅक्टिव्ह आहे का, म्हणजे समोर माणूस बसलाय का, एवढी एक तपासणी घातली. पुढची बिल्ड पाच मिनिटांत चढली.