झुडूपबेडकांच्या वंशाचा पेच

आंबोली घाटात पावसाळ्याच्या रात्री झुडपांच्या पानांवर बसून साद घालणाऱ्या ज्या बेडकाला आज स्यूडोफिलॉटस अंबोली म्हणतात, त्याचे वर्णन एस. डी. बिजू आणि फ्रँकी बॉस्युट यांनी २००९ साली केले, तेव्हा तो फिलॉटस या वंशात, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, होता. हा वंशबदल समजून घ्यायचा तर पावणेदोनशे वर्षे मागे जावे लागते.

१८३८ मध्ये प्राणिशास्त्रज्ञ चुडी यांनी जावा बेटावरच्या अशाच एका बेडकासाठी ऑर्केस्टीस हा वंश सुचवला. ते नाव एका भुंगेऱ्याला आधीच दिलेले निघाल्यामुळे गिस्टेल यांनी १८४८ साली त्याऐवजी फिलॉटस हे नाव दिले. आपल्याकडे मात्र अशा बेडकांसाठी बराच काळ इक्झॅलस हे आणखी एक वंशनामच चालले; १९१९ साली अ‍ॅनंडेल यांनी गोव्याच्या वेशीवरील कॅसलरॉकच्या बेडकाचे नामकरण इक्झॅलस बॉम्बेएन्सिस असे केले, तेही त्याच प्रथेने.

खरी अडचण लक्षणांची होती. या बेडकांची अंडी पाण्यात नव्हे तर जमिनीवर किंवा पानांवर घातली जातात, भैकेराची अवस्था अंड्यातच उरकते आणि बाहेर पडते ते थेट नखाएवढे बेडूकपिल्लू. एवढ्या ठळक वैशिष्ट्यामुळे भारत, श्रीलंका आणि आग्नेय आशियातले असे सारे चिमुकले बेडूक एका फिलॉटसमध्ये कोंबले गेले, आणि रंग तर एकाच जातीतही इतके बदलतात की त्यांवर विसंबणे धोक्याचेच होते.

डीएनएच्या अभ्यासाने हे गाठोडे सुटले. श्रीलंकेतील जातींसाठी लॉरें यांचे १९४३ सालचे स्यूडोफिलॉटस हे नाव पुन्हा वापरात आले. पश्चिम घाटातल्या बहुसंख्य जातींसाठी २०१० साली राओर्केस्टीस हा नवा वंश मांडला गेला. त्याच्या नावात भारतीय बेडूकतज्ज्ञ सी. आर. नारायण राव यांचे स्मरण आहे आणि चुडींचे जुने नावही. ज्या ‘करंट सायन्स’ या विज्ञान-नियतकालिकात तो प्रसिद्ध झाला, त्याचे पहिले संपादक रावच होते, हा योग मोठा गमतीचा.

कॅसलरॉकचा बेडूक राओर्केस्टीसमध्ये गेला. आंबोलीचा मात्र श्रीलंकेच्या भाऊबंदांत, पश्चिम घाटातल्या मोजक्याच जातींसह. कोकणातल्या ज्या जुन्या नोंदींत नुसते ‘फिलॉटस’ एवढेच लिहिले आहे, त्या आज कोणत्या वंशात टाकायच्या, हे नमुना किंवा आवाजाची ध्वनिफीत हाती असल्याशिवाय ठरवता येत नाही.